सव्वादोनची बांगडी

रविवार, दुपार.
(दुकानाच्या वरची खोली. टेबल नाही, म्हणून पाटीवर कागद ठेवून लिहितो आहे; अक्षराला हसू नये.)

तीर्थस्वरूप वहिनींस,

कमरेत वाकून नमस्कार, आणि पाच महिने पत्र न लिहिल्याबद्दल आणखी थोडं वाकून. पत्राच्या आरंभी 'विनंती विशेष' लिहितात, पण विनंती मी शेवटी ठेवली आहे, म्हणून आधी विशेष तेवढं सांगतो. (शेवट आधी उघडून पाहू नका. गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची तुमची खोड मला ठाऊक आहे.) तुमची तब्येत कशी आहे? आईचे गुडघे जिना चढतात का? दादाची पाठ? दादा माझ्यावर अजून चिडलेला आहे की आता नुसताच गप्प आहे? चिडलेला असेल तर माझा नमस्कार सांगा. गप्प असेल तर सांगू नका, मीच कधीतरी समोर येऊन शिव्या खाईन. माझ्या खोलीत आता काय ठेवलंय? गहू ठेवले असतील तर हरकत नाही, फक्त भिंतीवरच्या वेळापत्रकाला हात लावू नका. ते कॉलेजचं आहे आणि आता निरुपयोगी आहे, पण मागच्या बाजूला काही खासगी मजकूर आहे.

मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, त्यांतली सात भाजलेली. मी दागिने घडवायला शिकतो आहे. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावलात ते मला इथून दिसलं. पण त्याआधी एक अट. या पत्रात एका व्यक्तीचा उल्लेख मी करणार नाही. ती व्यक्ती तुमची धाकटी बहीण आहे हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि कॉलेजात झालेल्या प्रकारानंतर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना माहीत आहे. मग उल्लेख हवाच कशाला? अगदीच नाइलाज झाला तर 'ती व्यक्ती' असं लिहीन, आणि तुम्हीही वाचताना मोठ्यानं नाव घेऊ नका.

तो प्रकार दादानं तुम्हाला सांगितला असेल, पण दादानं तो प्राचार्यांकडून ऐकला आणि प्राचार्यांनी शिपायाकडून. खरा प्रकार असा की मी त्या व्यक्तीला लिहिलेलं (आणि सात महिने न दिलेलं) पत्र माझ्या वहीतून पडलं, आणि एका उंच मुलानं ते प्रयोगशाळेत स्टुलावर उभं राहून वाचलं. तो आठव्या ओळीपर्यंत पोचला तेव्हा मी स्टूल ओढलं. तो पडला, त्याच्याबरोबर एक काचेची बरणी पडली, आणि बरणीत वर्षानुवर्षं निवांत पोहत असलेला बेडूक सर्वांच्या समोर फरशीवर आला. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, बरणीची मागतो, बेडकाची मागतो, त्याची मागणार नाही. आणि तास अर्धा राहिला असताना निघालो तो निघालोच. डोक्यात राख घालून घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली, आणि दारात ती व्यक्ती उभी. मला वाटलं, आता दोन शब्द बरे बोलेल. ती काय म्हणाली ते तुम्ही आतून ऐकलंतच, कारण भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हणाली, "कॉलेज अर्धं, पेटी शिकणं अर्धं, पोहायला गेलास तर अर्ध्या विहिरीतून ओरडलास. तुला राग येतो तोसुद्धा पुरता येत नाही, संध्याकाळी जेवायला परत येतोस. एक गोष्ट, एकच, शेवटापर्यंत करून दाखव. मग पत्र दे. पुरं लिहिलेलं."

वहिनी, त्या संध्याकाळी मी जेवायला परत आलो नाही. पहिल्यांदाच राग पुरा केला. पण राग पुरा केला की पुढे काय करायचं असतं हे कोणी सांगून ठेवत नाही. दोन दिवस गाडीत बसून जिथे गाडी थांबली तिथे उतरलो. एका अरुंद गल्लीत, एका जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: 'हातकाम. ऑर्डरप्रमाणे. शिकण्यास माणूस पाहिजे.' मी जिना चढलो. एवढीच माझ्या आयुष्याची योजना.

आता दुकानाचं सांगतो. दुकान म्हणजे काच, दिवे, मखमल असं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक लांबट खोली, काळी भिंत, तीन बैठी मेजं, आणि प्रत्येक मेजाला पोटाशी अर्धा चंद्र कापलेला. त्या चंद्रात पोट घालून बसायचं आणि मांडीवर कातडं पसरायचं, म्हणजे कानशीनं घासलेला सोन्याचा कीस कातड्यात पडतो. पंखा नाही. पंख्यानं ज्योत हलते आणि कीस उडतो. खिडकी बंद, त्याच कारणानं. संध्याकाळी घरी जाण्याआधी हात एका बादलीत धुवायचे, ते पाणी ओतून द्यायचं नाही. केस एका कागदावर विंचरायचे, तो कागद झटकून द्यायचा नाही. खोलीचा केर वर्षभर डब्यात साठवतात आणि मग जाळून त्यातून सोनं काढतात. (आपल्या घरी केर काढला नाही म्हणून मी किती बोलणी खाल्ली! इथे केर टाकला म्हणून खातो.) मास्तर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकतो ते साठीचे कारागीर, आणि नाना, म्हणजे जे झिलई करतात ते. मला दोघंही 'कॉलेज' म्हणतात. पहिल्या दिवशी कुठून आलास विचारलं, मी 'कॉलेजातून' म्हटलं, तेवढ्यावर बारसं झालं.

तुम्हाला वाटेल, तीन माणसं एका खोलीत दिवसभर, म्हणजे गप्पांना काय तोटा. तोटाच आहे. मास्तरांच्या तोंडात सकाळी नऊपासून फुंकणी असते. फुंकणी म्हणजे वाकडी पितळी नळी. तिच्यातून दिव्याच्या ज्योतीवर फुंकायचं, मग ज्योत सुईसारखी बारीक होऊन जिथे सांधा जोडायचा तिथे नेमकी जाते. फुंक तुटली की सांधा बिघडला. म्हणून ते नाकानं श्वास घेत गालांनी फुंकत राहतात आणि सगळे हुकूम भुवयांनी देतात. डावी वर गेली की चिमटा, उजवी वर गेली की पाणी, दोन्ही वर गेल्या की 'गाढवा'. नाना मोकळ्या तोंडाचे आहेत, पण झिलईच्या मोटरीशेजारी तीस वर्षं बसून त्यांचे कान गेले; ते बोलतात खूप, ऐकत नाहीत. मागच्या महिन्यात मी मंगळवार ते शुक्रवार माझ्या तोंडातून गेलेले शब्द मोजले. हो, आलो, भाजलं, हो, भाजलं, आलो. एकूण सहा. त्यातही दोन वेळा 'भाजलं' मी नानांना सांगत होतो, म्हणजे ते हिशेबात धरू नयेत.

आणि वहिनी, या सगळ्यावर कडी म्हणजे इथे उसासा टाकायला बंदी आहे! तुम्ही हसाल. पण कातड्यावर पिठाहून बारीक कीस पडलेला असतो आणि मला अधूनमधून, काही कारण नसताना (कारण तुम्हाला माहीत आहे, उल्लेख करणार नाही), छातीच्या तळापासून एक लांब उसासा येतो. पहिल्या उसाशाला कीस मेजापलीकडे गेला. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून कोंबडीची पिसं घेऊन फरशी झाडत होतो. दुसऱ्या वेळी मास्तरांनी फुंकणी तोंडातून काढली (ही गोष्ट दिवसातून फार तर दोनदा होते, एकदा जेवायला) आणि म्हणाले, "कॉलेज, जे काही आहे ते गॅलरीत जाऊन कर. इथे माझं सोनं उडतंय." तेव्हापासून मला उसासा आला की मी हात वर करतो, मास्तर भुवईनं परवानगी देतात, मी गॅलरीत जातो, टाकतो आणि परत येतो. समोरच्या इमारतीतल्या बाईंना वाटतं मला दमा आहे. त्यांनी एकदा खुणेनं छाती चोळायला सांगितलं. या गावात माझ्या तब्येतीची चौकशी केलेली तेवढी एकच व्यक्ती.

तीन महिने मला सोन्याला हात लावू दिला नाही. तांब्याची तार दिली. तार ओढायला जंतर असतं, म्हणजे भोकं पाडलेली पोलादी पट्टी, प्रत्येक भोक आधीच्याहून केसभर लहान. जाड तारेचं टोक कानशीनं निमुळतं करायचं, भोकात घालायचं, पलीकडून सांडशीनं पकडायचं आणि पाय भिंतीला लावून ओढायचं. मग तार कडक होते, ती तापवून मऊ करायची, पुढच्या भोकात. असं बावीस भोकं. नवव्या भोकाला मला प्रत्येक वेळी वाटायचं की आता पुरे, एवढी बारीक झाली तरी कोणाचं काय अडतं? आणि प्रत्येक वेळी ते पेटीचं आणि विहिरीचं वाक्य आठवायचं, आणि मी दहाव्यात घालायचो. रागानं ओढली की तार तुटते हेही तिथेच कळलं. (पहिल्या महिन्यात एकतीस वेळा कळलं.)

मग सुईणबाई आली. ही बाई या गल्लीमागे राहते. चाळीस वर्षं तिनं बाळंतपणं केली आणि त्या कामात हातात बांगडी घालता येत नाही, म्हणून चाळीस वर्षं मनगटं उघडी. आता काम सोडलं, आणि स्वतःसाठी एक बांगडी करून हवी होती. एकच. साधी, दोन तारा एकमेकींभोवती पिळलेली, वेलीसारखी. मास्तरांनी तिचा हात सुतानं मोजला, बोटांच्या मुळांशी जिथे हात सर्वांत रुंद तिथे, आणि पाटीवर लिहिलं: अडीच. तिचा हात खरोखरच मोठा आहे, राबलेला, सांधे अक्रोडासारखे. मास्तर करायला बसणार तर ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा काय नुसता तांबं ओढतो का? याला करू दे."

"याचं पहिलंच काम होईल बाई," मास्तर म्हणाले.

"माझ्या हातानंही कोणतरी पहिलं जन्माला आलंच की. त्याच्या आईनं काय दुसरी शोधली?"

वहिनी, सोनं वितळताना तुम्ही पाहिलेलं नाही. मुशीत, म्हणजे मातीच्या छोट्या वाटीत, ते आधी लाल होतं, मग घाम फुटल्यासारखं होतं, आणि मग एकाएकी सगळं मिळून एकच थेंब होतो, आरशासारखा, आणि तो गोल फिरायला लागतो. त्या वेळी कोणाला तरी हाक मारून 'हे बघ' म्हणावंसं वाटतं. मी मान वर केली. मास्तर फुंकत होते, नाना मोटरीवर होते. मी पुन्हा मान खाली घातली आणि थेंब साच्यात ओतला.

चार दिवस लागले. ठोकली, ओढली, बावीसही भोकं. दोन तारा पिळल्या, वाकवली, टोकांना डाक, म्हणजे सांधा धरणारा मिश्रधातू, लावून जोडली, तेजाबात बुडवून काळी साल काढली. मास्तरांनी ती मापाच्या दांड्यावर चढवली. हा लाकडी दांडा शेंड्याला बारीक, बुडाला जाड, आणि त्यावर मापांच्या रेघा. बांगडी अडीचच्या रेघेपर्यंत जायला हवी. ती सव्वादोनवर थांबली आणि पुढे जाईना. दोन्ही भुवया वर. बांगडी पुन्हा मुशीत. चार दिवसांचं काम, पाहता पाहता पुन्हा थेंब.

पण मास्तर हुशार माणूस. त्यांनी मला तांब्याची तार दिली आणि डोळे मिटून, माप न घेता एक बांगडी वाकवायला सांगितली. वाकवली. दांड्यावर चढवली: सव्वादोन. आणखी एक: सव्वादोन. तिसरी करताना त्यांनी मला पाढे म्हणायला लावले म्हणजे लक्ष दुसरीकडे राहील. सव्वादोन! मास्तरांनी फुंकणी खाली ठेवली. "हात कोणाचा रे हा?" मी म्हटलं, कोणाचा नाही. ते म्हणाले, "मग कोणाचा नाही त्या हाताला एकदा सांगून ये, की माझं गिऱ्हाईक वेगळं आहे. पुढची चुकली तर कपड्यांची पेटी उचलायची आणि कॉलेजात परत जायचं." (शिक्षा काय सुचली बघा!)

वहिनी, आता तुम्हाला आठवलं असेल. उन्हाळ्यात ती व्यक्ती तुमच्याकडे राहायला आली होती आणि फडताळातल्या चिनी मातीच्या बरणीत तिचा हात अडकला होता. बरणीच्या तळाशी पडलेली किल्ली काढायला घातला होता. तुम्ही तेल ओतत होतात, दादा बरणी फोडायला हातोडी शोधत होता, आई बरणी फोडू नका म्हणून ओरडत होती, आणि मला मनगट धरून ठेवायला सांगितलं होतं. अंगठा आणि मधलं बोट, असं कडं करून. वीस मिनिटं. तुम्हा सर्वांना तो गोंधळ वाटला. माझं सगळं शिक्षण तेवढंच झालं. कॉलेजात दीड वर्ष जे शिकवलं त्यातलं मला काही आठवत नाही, पण ती वीस मिनिटं बोटांनी पाठ केली, आणि आता बोटं दुसरं काही लिहीतच नाहीत.

दुसऱ्या बांगडीला मी कुठेही बेसावध राहिलो नाही. तार सुतानं मोजून अचूक कापली. मास्तर त्या दिवशी डोळे दाखवायला गेले होते, म्हणून मी प्रत्येक पायरीला पाटीवरचं 'अडीच' मोठ्यानं वाचलं. वाकवली. हातात घेतली. आणि वहिनी, ती कोणाचीच वाटेना. रिकाम्या दारासारखी वाटली. मी म्हटलं, जरासं कापू. कापलं. तरी होईना. आणखी जरासं. असं करता करता बोटभर तुकडा मेजावर पडला तेव्हा ती हातात बरोबर बसली, इतकी बरोबर, की मी लगेच डाक लावून जोडून टाकली. दांड्यावर चढवलीच नाही. तेव्हा मला खरोखर वाटलं होतं की हीच अडीच. नानांनी झिलई केली. तिला असं तेज आलं की नानांनी स्वतः मोटर बंद केली आणि म्हणाले, "झकास!" तीस वर्षं ते मोटर फक्त वीज गेल्यावर थांबवत आले आहेत.

आणि त्याच वेळी जिन्यावरून पुढे सुईणबाई, मागे मास्तर. मास्तरांनी बांगडी पाहिली, मान डोलावली, दांड्यावर चढवली. सव्वादोन. मी पेटी कुठे ठेवली आहे ते आठवू लागलो. मास्तर तिला म्हणाले, "बाई, चूक झाली. आठ दिवस द्या, मी स्वतः करून देतो," आणि बांगडी मुशीकडे नेऊ लागले. तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघाला. काय बोललो ते धड सांगता येत नाही, पण त्यात 'वितळवू देणार नाही' होतं, 'हाकला मला' होतं, आणि 'एकदा तरी काहीतरी पुरं राहू द्या' असंही होतं, आणि ते एवढ्या मोठ्यानं की नानांनाही ऐकू गेलं. मास्तरांच्या भुवया कुठे गेल्या ते मी पाहिलं नाही.

सुईणबाई पुढे आली आणि म्हणाली, "आण इकडे."

"अहो बाई, ती तुम्हाला होणार नाही. हात सोलून निघेल."

"अरुंद जागेतून हात कसा न्यायचा ते मला शिकवता काय? चाळीस वर्षं दुसरं केलं काय मी?" असं म्हणून तिनं अंगठा तळहातात घातला, बोटं एकमेकांवर चढवली, आणि तो एवढा मोठा हात, वहिनी, मिटून कळीएवढा झाला. थोडा साबण मागितला. डोळे मिटले, घाई केली नाही. बांगडी सांध्यांवर क्षणभर अडली, तिनं हात किंचित फिरवला, आणि ती पलीकडे मनगटावर. तिथे मात्र अशी शोभली, जणू तिथेच केली होती.

मास्तर म्हणाले, "आता निघणार नाही ती. कापावी लागेल. चुकीच्या मापाचा माल माझ्या दुकानातून गेलेला नाही कधी."

"कापायची नाही नि काढायचीही नाही. चाळीस वर्षं काढूनच ठेवत आले. माप कोणाचं का असेना, हात माझा आहे." मग माझ्याकडे वळली. "आणि माप कोणाचं रे?"

"कोणाचं नाही."

"कानाच्या पाळ्या लाल झाल्यात तुझ्या. किती दिवसांत पाहिलं नाहीस?"

"पाच महिने."

"मग बरोबर आठवतंय कशावरून?" असं विचारून ती गेली. जिन्यावर ती हात वर करून बघत होती ते मला गॅलरीतून दिसलं.

मास्तरांनी माझ्या मेजावर एक नवी तार ठेवली आणि डावी भुवई वर केली. म्हणजे चिमटा. म्हणजे पेटी उचलायची नाही. मी एक गोष्ट शेवटापर्यंत केली होती, वहिनी! मुशीपासून मनगटापर्यंत! मला ते कोणाला तरी सांगायचं होतं. मी नानांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "पुरी झाली!" ते म्हणाले, "झाली? मग केर भर." मी गॅलरीत गेलो. समोरच्या बाईंची खिडकी बंद होती. खाली गल्लीत माणसं होती, पण त्यांना काय म्हणून सांगायचं? मी आत येऊन केर भरला. आज रविवार, दुकान बंद. मास्तर त्यांच्या मुलीकडे जातात, नाना झोपतात. रविवारी या गावात सगळी माणसं दोन-दोन, चार-चार अशी हिंडतात. मी एकदा सगळ्या गल्ल्या हिंडून येतो आणि मग वर येऊन बसतो. आज हिंडलो नाही. पत्र लिहायला बसलो. हेही पुरं केलं म्हणायचं.

आईला सांगा, मी जाड झालो आहे. (झालो नाही.) दादाला सांगा, मला हात जोडायला येतात, पण अजून सोन्याचेच सांधे जोडतो आहे, बाकीचे सावकाश. तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमचा धाकटा दीर,
ज्याला तुम्ही "भाऊजी, तुम्ही गाढव आहात" असं आदरानं म्हणायचात

ता. क. विनंती ही: त्या व्यक्तीची एखादी बांगडी मोरीजवळ काढून ठेवलेली सापडली, तर आतून सूत धरून मोजा आणि सूत पाकिटात घालून पाठवा. कशाला विचारलं तर पडद्याच्या कड्यांसाठी म्हणा. सुईणबाईच्या त्या प्रश्नानं माझी झोप उडाली आहे. ते माप सव्वादोन नसेल, पावणेदोन किंवा अडीचच असेल, तर मी पाच महिने कोणाचा हात धरून बसलो आहे?

आणखी एक. माप चुकीचं निघालं तर सूत पाठवू नका. नुसतं 'सव्वादोन' लिहा. त्याच्या खाली जागा उरली तर घरातलं काहीही लिहा. काय स्वयंपाक केलात, कोण येऊन गेलं, नळाला पाणी किती वाजता येतं. मी सगळं वाचीन.

पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. त्या व्यक्तीचं लग्न कुठे ठरलं असेल (एवढ्यात ठरणार नाही, पण तुमच्या माहेरची माणसं उत्साही आहेत), तर बांगड्या बाहेर कुठे टाकू नका. इथे पाठवा. माप अचूक द्या, तेवढंच करीन, कुठे बोटभरही कापणार नाही. डझनभर असल्या तरी एकटा करीन आणि पुऱ्या करीन. शब्द देतो.

शेवटचं. वरचं वाचून तुमचे डोळे भरून आले असतील तर पुसा. पुऱ्या करीन म्हटलंय, वेळेवर करीन असं कुठेही म्हटलेलं नाही. आता मी सोनार आहे, वहिनी. एका बांगडीला वर्ष लागलं तरी लोक नुसतं 'सोनारच तो' म्हणतात. आणि बांगड्या हातात पडल्याशिवाय तुमच्या माहेरची माणसं मुहूर्त धरणार नाहीत.